दूरचित्रवाणी मालिकांतील अनुत्तरित रहस्ये आणि दडलेल्या खुणा : लोणावळ्यात चित्रित झालेला ‘सी.आय.डी.’चा भाग व ‘रात्रीस खेळ चाले’ यांच्या संदर्भात

सारांश

रहस्यप्रधान दूरचित्रवाणी मालिकेत प्रेक्षकाला काही खुणा दिल्या जातात आणि त्यांवरून तो उत्तराचा शोध घेतो. खूण आणि उत्तर यांतील हे नाते टिकते की तुटते, या निकषावर प्रस्तुत लेखात दोन मालिकांचा विचार केला आहे. ‘सी.आय.डी.’ या हिंदी मालिकेत उत्तर नेमाने मिळते, परंतु खूण पुष्कळदा मिळत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ या मराठी मालिकेत खुणा विपुल आहेत, परंतु त्यांचे उत्तर पुढे पुढे सरकत राहते. ‘सी.आय.डी.’चा २००४ साली लोणावळ्यात सलग चित्रित झालेला भाग या दोहोंच्या मधोमध उभा राहतो. रहस्य अनुत्तरित ठेवणे हा दोष नसून, मोकळे ठेवलेले रहस्य आणि सोडून दिलेले रहस्य यांतील भेद पुसला जाणे हा खरा दोष होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

मराठी समीक्षेने कादंबरी, नाटक आणि कविता यांच्या रचनेचा जितक्या बारकाईने विचार केला, तितका दूरचित्रवाणी मालिकेचा केलेला नाही. मालिका म्हणजे करमणूक, आणि करमणुकीला कसली आली रचना, असा एक समज त्यामागे दिसतो. परंतु घराघरांत रोज अर्धा तास पाहिली जाणारी कथा ही आजच्या वाचकाची पहिली कथा असते. कथेत पुरावा कोणता, योगायोग कोणता, कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा, हे तो पुस्तकाआधी पडद्यावर शिकतो. महाविद्यालयात येणारा विद्यार्थीही याच सवयी घेऊन येतो. म्हणून रहस्यमालिका प्रेक्षकाच्या लक्षाचे काय करते, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही.

रहस्याचे मालिकेशी नाते जुने आहे. दूरदर्शनच्या काळात ‘एक शून्य शून्य’सारख्या मराठी मालिकेने पोलीस तपासाची कथा घरात आणली. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि अभिनेते शिवाजी साटम ही जोडी पुढे ‘सी.आय.डी.’मध्ये एकत्र आली. ती मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली, २०१८ मध्ये थांबेपर्यंत तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. भाषेने हिंदी असली, तरी तिची मुळे अशी मराठी दूरचित्रवाणीत आहेत.

२. रहस्यकथा, गूढकथा आणि ‘बीज’

मराठी वाङ्मयव्यवहाराने एक उपयुक्त भेद पूर्वीच केलेला आहे. रहस्यकथा आणि गूढकथा ही दोन नावे आपण सरमिसळ वापरत असलो, तरी त्यांचा करार वेगळा आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार किंवा काळापहाडच्या कथेत वाचकाला खात्री असते की शेवटच्या पानापर्यंत गाठ सुटेल. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत ही खात्री नसते. तेथे गाठ सुटली तरी काहीतरी उरते, आणि त्या उरण्यातच कथेचे बळ असते. पहिल्या प्रकारात अनुत्तरित प्रश्न ही फसवणूक ठरेल. दुसऱ्या प्रकारात ती फलश्रुती असू शकते. पाश्चात्त्य समीक्षेत त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये ‘अद्भुता’ची जी मीमांसा केली, तिचाही गाभा हाच आहे. घडलेल्या घटनेला लौकिक कारण आहे की अलौकिक, याविषयी वाचक दोलायमान राहतो तोवरच ते अद्भुत टिकते. एका बाजूचा निर्णय झाला की कथा दुसऱ्या प्रकारात जाते.

खुणांविषयी भारतीय परंपरेत अधिक नेमकी परिभाषा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील पाच अर्थप्रकृतींपैकी पहिली ‘बीज’ होय. आरंभी थोडेसेच पेरलेले, पुढे विस्तारत जाणारे आणि अखेरीस फळणारे असे तिचे स्वरूप आहे. दुसरी अर्थप्रकृती ‘बिंदू’. मध्येच कथानक तुटले असता त्याचा धागा पुन्हा जुळवणे हे तिचे कार्य. गर्भसंधीत बीज दिसते, हरवते आणि पुन्हा शोधले जाते. निर्वहणसंधीत विखुरलेले सारे धागे एकत्र आणले जातात. या शेवटच्या संधीत अद्भुत रस असावा, असेही भरत सांगतो. याचा अर्थ असा की उलगडा झाला म्हणजे विस्मय संपतो असे नाही. चांगल्या रचनेत उलगडा हाच विस्मयाचा क्षण असतो. रोज तुटणाऱ्या आणि रोज जोडाव्या लागणाऱ्या मालिकेला बिंदूची जाण उपजतच असते. तिची परीक्षा होते ती बीज आणि निर्वहण यांच्या नात्यात.

३. लोणावळ्यातील १११ मिनिटे

८ ऑक्टोबर २००४ रोजी लोणावळ्यात ‘सी.आय.डी.’चा एक विशेष भाग चित्रित झाला. ‘द इनहेरिटन्स’ या नावाचा हा १११ मिनिटांचा भाग एकाही तोडीशिवाय, एका सलग शॉटमध्ये घेतला गेला. ७ नोव्हेंबर २००४ रोजी तो प्रक्षेपित झाला आणि विक्रमांच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली. आजवर या भागाची आठवण निघते ती बहुधा या विक्रमापुरतीच. परंतु रहस्यरचनेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विक्रमापलीकडचे आहे.

प्रथम स्थळाचा विचार करावा लागेल. मुंबई-पुणे लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग यांवर वसलेले मावळ तालुक्यातील लोणावळा मुंबईच्या निर्मात्यांना सोयीचे आहे, हे व्यावहारिक कारण उघड आहे. त्याहून महत्त्वाचे आहे ते तेथील बंगल्याचे स्वरूप. झाडीत एकेकटा उभा असलेला, पावसाळ्यात धुक्याने वेढला जाणारा, मालक सुट्टीपुरता येणारा आणि एरवी माळी वा राखणदार यांच्या हवाली असलेला हा बंगला रहस्याला आयताच सापडतो. घर ज्याचे त्याला ते पुरते ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याचे ते नाही. वारसाहक्काच्या कथेला याहून अनुरूप भूमी शोधून सापडणार नाही. मात्र याच कारणाने अशा कथांतून मावळचा माणूस क्वचितच दिसतो, आणि दिसलाच तर प्रेत पाहून ओरडणारा नोकर किंवा पहिला संशयित म्हणून. लोहगड-विसापूरच्या पायथ्याचा, पवनेच्या काठचा हा प्रदेश रहस्यकथेत केवळ पार्श्वभूमी होऊन राहतो, याची नोंद समीक्षेने घेतली पाहिजे.

आता सलग चित्रीकरणाचा विचार. आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘रोप’ (१९४८) या चित्रपटात मोजक्या लांब शॉटमधून सलगतेचा आभास निर्माण केला. अलेक्सांद्र सोकुरोव यांच्या ‘रशियन आर्क’ (२००२) मध्ये ती सलगता प्रत्यक्षात आली. लोणावळ्याचा प्रयोग त्यानंतर दोनच वर्षांनी आणि दूरचित्रवाणीच्या मर्यादित साधनांत झाला. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या आणि २०१८ मध्ये त्याच संस्थेच्या अध्यक्षपदी आलेल्या सिंग यांच्यासारख्या दिग्दर्शकाला या तंत्राचा मोह पडावा हे स्वाभाविक होते. परंतु तंत्राने रहस्याच्या रचनेवर जी बंधने घातली, ती अधिक विचारार्ह आहेत.

एरवीच्या मालिकेत खूण दाखवण्याची रीत ठरलेली आहे. टेबलावरचा पेला, दाराची कडी, कोणाचा तरी थरथरता हात असा एखादा इन्सर्ट मध्येच येतो, पार्श्वसंगीत चढते आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा आळीपाळीने झेपावतो. ही खूण दडलेली नसते. ती बोट दाखवून सांगितलेली असते. तोड नसलेल्या भागात इन्सर्ट घेताच येत नाही. कॅमेऱ्याला वस्तूपर्यंत चालत जावे लागते, आणि तो तिकडे का वळला हे प्रेक्षकाला दिसते. उरलेल्या खुणा पात्रांच्या हालचालीत, त्यांच्या उभे राहण्याच्या जागेत आणि बोलण्यातच ठेवाव्या लागतात. त्या टिपण्याचे काम प्रेक्षकावर येते.

दुसरे बंधन काळाचे. येथे कथेतील काळ आणि पाहण्याचा काळ एकच असतो. ‘दोन तासांनंतर’ असे म्हणून सुटका होत नाही. त्यामुळे कॅमेरा एका खोलीत असताना शेजारच्या खोलीतही तेवढाच काळ चाललेला आहे, ही जाणीव प्रेक्षकाला सोडत नाही. जे चौकटीबाहेर गेले ते संशयास्पद होते. घर म्हणजे एक नकाशा बनतो आणि कोण कोठे होता हा प्रश्न प्रेक्षक स्वतःच्या स्मरणाने तपासू शकतो. रहस्य दडवायचे, पण दडवण्याची जागा प्रेक्षकासमोर उघडी ठेवायची, असा हा प्रामाणिकपणा आहे. तो लेखकाने पत्करला की तंत्राने लादला, हा मुद्दा गौण होय. या रूपबंधात खूण आणि उत्तर यांचे नाते तोडणे कठीण होते, एवढे निश्चित.

४. उत्तर आहे, खूण नाही

याच मालिकेच्या नेहमीच्या भागांकडे वळल्यास चित्र पालटते. एसीपी प्रद्युम्न यांची बोटे फिरवत संशय व्यक्त करण्याची लकब, दयाचे दार तोडणे, डॉ. साळुंखे यांची प्रयोगशाळा ही तिची ओळखचिन्हे. प्रत्येक भागाच्या वा कथेच्या अखेरीस गुन्हेगार हाती लागतोच. मात्र तो लागतो कसा, हे पाहिले तर पुष्कळदा निर्णायक पुरावा अखेरच्या काही मिनिटांत प्रयोगशाळेतून येतो, किंवा एका थपडेसरशी कबुली मिळते. जे प्रेक्षकाला आधी दाखवलेच नाही, त्याच्या आधारे कोडे सुटते. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेसाठी मांडलेल्या दहा नियमांत, तपास करणाऱ्याला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, असा एक नियम आहे. त्या नियमाचा येथे सर्रास भंग होतो. बीज न पेरता पीक दाखवावे, तसा हा प्रकार होय.

तरीही या मालिकेचे एक ऋण मान्य करावे लागेल. हवेली, शाप, सूड घेणारा आत्मा अशा विषयांवरील तिच्या कथांत भुतामागे अखेर माणूस सापडतो. नॉक्स यांच्या नियमांत अलौकिक कारणाला मज्जाव आहे. हा नियम मात्र मालिकेने सामान्यतः पाळला. लाखो घरांत वर्षानुवर्षे ‘भूत नव्हते, माणूस होता’ हा निष्कर्ष पोहोचवणे ही लहान गोष्ट नव्हे.

जिथे या मालिकेला दीर्घ रहस्य हाताळावे लागले, तिथे तिची तारांबळ झाली. अभिजीतच्या हरवलेल्या स्मृतीचा धागा अनेकदा बाहेर काढला गेला, थोडा ओढला गेला आणि पुन्हा बाजूस ठेवला गेला. नव्या पर्वात एप्रिल २०२५ मध्ये प्रद्युम्न यांचा मृत्यू जाहीर झाला आणि पुढे ते पात्र परतले. मृत्यूसारखा अंतिम प्रसंगही मालिकेच्या गरजेनुसार मागे घेता येतो, असे एकदा दिसले की पुढच्या कोणत्याही उत्तराला वजन राहत नाही.

५. खूण आहे, उत्तर नाही

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर सुरू झाली. सिंधुदुर्गातील आकेरी गावी नाईकांचा वाडा, घरातील कर्ता पुरुष अण्णा यांचा मृत्यू, त्यानिमित्ताने एकत्र आलेली मुले-सुना आणि पाठोपाठ घडणाऱ्या अनाकलनीय घटना हा तिचा आरंभ. मालवणी बोली, वाड्याचा अंधार आणि थोराघरच्या वैराचा इतिहास यांमुळे तिला मराठी मालिकांत न आढळणारा पोत लाभला. घडणाऱ्या घटनांकडे घरातीलच माणसे दोन दृष्टींनी पाहतात. कोणाला त्यात कोप वा भुताटकी दिसते, कोणाला घरातल्याच कोणाचा तरी डाव. तोदोरोव यांना अभिप्रेत असलेली दोलायमान अवस्था ती हीच.

या पर्वातील खुणांची मांडणी उल्लेखनीय आहे. पांडू हे पात्र त्याचे उत्तम उदाहरण ठरते. घरातले सर्व पाहिलेला, परंतु ऐन वेळी विसरलो म्हणणारा हा गडी प्रथम विनोदासाठी आल्यासारखा वाटतो. हळूहळू लक्षात येते की त्याचे विसरणे ही कथेची युक्ती आहे: माहिती घरात आहे, पण ती हाती येत नाही. मालिकेच्या लेखनात सहभागी असलेल्या प्रल्हाद कुडतरकर यांनीच ही भूमिका केली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कथेचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, तोच पडद्यावर विसरभोळा होऊन बसला आहे.

परंतु खुणांची ही संपत्ती पुढे कशी वापरली गेली? २०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व पूर्वकथा सांगते. अण्णांचा अंत प्रेक्षकाला ठाऊक असल्याने ‘काय होणार’ या प्रश्नाची जागा ‘असे का झाले’ या प्रश्नाने घेतली. अण्णा आणि शेवंता यांच्या संबंधांतून सत्ता, वासना आणि भय यांचे जे चित्र उभे राहिले, ते माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांच्या अभिनयामुळे स्मरणीय झाले. वाड्यातील भीतीचे मूळ भुतात नसून एका माणसाच्या अनिर्बंध सत्तेत आहे, हे पहिल्या पर्वाच्या कोड्याचे सर्वांत समाधानकारक उत्तर होते. बीजाचे निर्वहण झाल्यासारखे वाटले ते येथे.

२०२१ च्या तिसऱ्या पर्वाने हे उत्तर उलटवले. अण्णा आणि शेवंता आता प्रत्यक्ष भुते होऊन वाड्यात वावरू लागले. दोलायमानता संपली आणि निर्णय अलौकिकाच्या बाजूने लागला. त्यामुळे २०१६ मधील खुणांचा अर्थही मागाहून बदलला. डाव की भुताटकी, या प्रश्नावर ज्या प्रेक्षकाने डोके खपवले होते, त्याची सारी मेहनत निरर्थक ठरली. याच पर्वात शेवंतेच्या भूमिकेत अभिनेत्री बदलली. दीर्घ मालिकेत खूण पुष्कळदा चेहऱ्यात, नजरेत आणि आवाजात साठवलेली असते. चेहरा बदलला की तीही जाते. वाहिनीचे गणित, कलाकारांच्या तारखा आणि पुढील पर्वाची शक्यता यांच्या हाती रहस्याचा शेवट असतो, हे यावरून स्पष्ट होते. डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकी मालिकेचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. १९९० मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत खुनी कोण हे वाहिनीच्या आग्रहाखातर आधीच उघड करावे लागले, आणि १९९१ मध्ये मालिका थांबली. उत्तर लांबवणे असो वा घाईने देणे असो, ते कथेबाहेरच्या कारणाने ठरले की रचना मोडते.

६. मोकळे ठेवलेले आणि सोडून दिलेले

उत्तर न देणे हाच गूढाचा प्राण आहे आणि समीक्षकाने लेखकाकडे हिशेब मागू नये, असा एक आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. मतकरींच्या कथेला कोणी पंचनामा मागत नाही. परंतु मोकळे ठेवलेले रहस्य ओळखता येते. त्यातील प्रत्येक खूण शक्य असलेल्या दोन्ही उत्तरांना बळ देते. एकही खूण वाया जात नाही. सोडून दिलेल्या रहस्यात खुणा केवळ त्या त्या रात्रीपुरत्या असतात; त्या कोणत्याच उत्तराकडे नेत नाहीत.

हा फरक समजण्यासाठी मावळातच एक उदाहरण आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांतील अनेक जण, काही यवनही, धेनुकाकट येथील असल्याचे म्हटले आहे. हे धेनुकाकट नेमके कोठे होते, याविषयी अभ्यासकांत एकमत झालेले नाही. हे रहस्य अनुत्तरित आहे. परंतु प्रत्येक खूण जागेवर आहे, ती कोणालाही तपासता येते, आणि उद्या नवा पुरावा मिळाला तर उत्तर बदलू शकते. अनुत्तरित प्रश्नाची प्रतिष्ठा अशी पुराव्याच्या जतनातून येते. इतिहास जी शिस्त पाळतो तीच कथेने पाळावी असे नाही. पण आपणच पेरलेल्या खुणांचे स्मरण ठेवावे, इतकी अपेक्षा रास्त आहे.

महाराष्ट्रात या अपेक्षेला आणखी एक संदर्भ आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू होताच कोकणची प्रतिमा आणि अंधश्रद्धा या मुद्द्यांवर सिंधुदुर्गातून आक्षेप घेतले गेले, ते याच पार्श्वभूमीवर. कथेत भूत आणू नये, अशी मागणी समीक्षेला मान्य होणारी नाही. भूत हे साहित्याचे जुने पात्र आहे. परंतु भूत की माणूस हा प्रश्न कथेने स्वतःहून उभा केला, त्यासाठी प्रेक्षकाला विचार करायला लावले आणि मग पुढच्या पर्वाच्या सोयीने त्याचा निकाल लावला, तर विचार करणे व्यर्थ आहे हाच धडा मागे राहतो. बंदीने हा दोष दूर होणार नाही. तो रचनेचा दोष असल्याने रचनेच्या भाषेतच दाखवून दिला पाहिजे.

७. निष्कर्ष

उत्तर मिळाले म्हणजे रहस्य चांगले आणि न मिळाले म्हणजे वाईट, हा सोपा निकष टिकत नाही, हे उपरोक्त विवेचनातून दिसून येते. ‘सी.आय.डी.’च्या नेहमीच्या भागात खूण न देता उत्तर येते. ‘रात्रीस खेळ चाले’त खूण देऊन उत्तर फिरवले जाते. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाचे लक्ष मागितले जाते आणि वाया घालवले जाते. लोणावळ्यातील १११ मिनिटांचा भाग आणि नाईकांच्या वाड्याचे दुसरे पर्व यांत मात्र, एकात तंत्राच्या बंधनामुळे आणि दुसऱ्यात पूर्वकथेच्या बंधनामुळे, खूण आणि उत्तर एकमेकांना बांधलेली राहिली. एकाला तोड घेता येत नव्हती, दुसऱ्याला शेवट बदलता येत नव्हता.

यावरून मालिकालेखनाविषयी एक सूत्र हाती येते. रहस्याला मोकळीक नव्हे, तर बंधन पोसते. मालिकेचा शेवट आधी ठरलेला असणे, निदान कोणत्या खुणा अखेरपर्यंत जपायच्या हे ठरलेले असणे, हे ते किमान बंधन होय. वाङ्मयाच्या वर्गात रहस्यकथा शिकवताना विद्यार्थ्यांना ‘शेवट काय झाला’ असे विचारण्याऐवजी ‘हे तुला आधी कोठे दिसले होते’ असे विचारले, तर मालिकेकडेही त्याच नजरेने पाहण्याची सवय लागेल. तसा प्रेक्षक घडला, तर दिलेली खूण विसरणे लेखकाला आणि वाहिनीला आजच्याइतके सोपे राहणार नाही.